दोन एमएमची फट

पट्टीवाल्यांनी आयुष्यात किती दारं केली हे त्यांना सांगता आलं नसतं, पण त्यातलं एकही परत आलं नाही हे मात्र ते भेटेल त्याला ऐकवत. एक्केचाळीस वर्षं दारांच्या कारखान्यात काढली, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेच काम सुरू ठेवलं. शर्टाच्या खिशात पत्र्याची एक पट्टी असे, बरोब्बर दोन एमएम जाडीची. दार चौकटीत बसवलं की ती पट्टी चारी बाजूंच्या फटीतून फिरवायची, आणि कुठे अडकली तर दार उतरवून पुन्हा रंधा मारायचा. ओल्या हवेत लाकूड फुगतं. त्याला फुगायला जागा ठेवली नाही तर दार घासतं, मग घरचे लाथा मारतात, मग कडी तुटते आणि शिव्या सुताराला बसतात, असं त्यांचं एकंदर शास्त्र होतं. त्या पट्टीमुळेच गल्लीत त्यांना पट्टीवाले म्हणत. नवख्या माणसाला वाटे, हे कुणी जुने मास्तर असतील. आणि दारांवर बोलायला लागले की ते मास्तरच होत, समोरचा जांभया देईपर्यंत. बाकी कशाविषयी विचारलं की "चाललंय" म्हणून मोकळे.

घरात दोनच माणसं उरली होती, ते आणि सून. मुलगा आणि सून एकाच बँडमध्ये वाजवत. तो गिटार वाजवी आणि ती बेस गिटार. पट्टीवाल्यांना दोन्हींत फरक एवढाच दिसे, की तिच्या गिटारला तारा चारच आणि त्या चांगल्या जाडजूड. तीन वर्षांपूर्वी मुलगा दुसऱ्या बाईबरोबर दुसऱ्या देशात निघून गेला. सून आता माहेरी जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि ती जाणारही होती. पण त्याच आठवड्यात सासूबाईंना झटका आला आणि त्यांचं उजवं अंग गेलं. मग दोन वर्षं सुनेनेच त्यांचं सगळं केलं. अंघोळ घातली, कूस बदलली, चमच्याने भरवलं. सकाळी हे सगळं उरकून ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जायची आणि आली की पुन्हा पदर खोचायची. पट्टीवाले दारात पाण्याचं भांडं घेऊन उभे राहत. त्यापलीकडे त्यांना काही जमत नसे, आणि जमत नाही याची लाजही वाटत असे.

सासूबाई गेल्याला आता आठ महिने झाले होते. शेजारपाजारचे विचारत, "सून अजून इथेच का?" पट्टीवाले म्हणत, "चाललंय." खरं म्हणजे तिच्याशिवाय या घरात राहण्याची त्यांना भीती वाटत होती. इतकी साधी गोष्ट, पण ती त्यांनी स्वतःशीही कधी धडपणे कबूल केली नव्हती.

एका रविवारी चहाच्या वेळी तिने आकृती काढलेला आलेखाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, एक खोकं करून द्याल?"

"कसलं?"

"स्पीकरचं. बेससाठी. माझा जुना फाटला. एक बंद पडलेलं थेटर मोडत होते, तिथून हा मिळालाय." तिने गोणपाटात गुंडाळलेला स्पीकर टेबलावर ठेवला. पंधरा इंची, बादलीच्या तोंडाहून मोठा आणि मागे लोहचुंबकाचा हा एवढा गोळा. टेबल करकरलं.

"एवढ्या मोठ्या आवाजाचं काय करायचंय?"

ती आडवळणाने बोलणारी नव्हती. "सात तासांवर एक बँड आहे, तिथल्या हॉटेलात रोज वाजवतो. त्यांचा बेसवाला सोडून चाललाय. चार आठवड्यांनी शनिवारी मला ऐकणार आहेत. स्पीकर आपला आणा म्हणालेत." मग गोणपाट स्पीकरवर पुन्हा ओढून घेत, "जमलं तर तिकडेच राहायला जाईन, बाबा."

"करू की," पट्टीवाले म्हणाले, आणि उरलेला गरम चहा एका घोटात घशाखाली उतरवला. जीभ दिवसभर हुळहुळत राहिली.

काम सुरू झालं. प्लाय आणायला ते स्वतः गेले. दुकानदाराने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "काय हो, कुत्र्याचं घर करताय? भोक फार वर आलंय." पट्टीवाल्यांनी त्याला घरी मांजरही नसल्याचं सांगितलं आणि अठरा एमएमचा चांगला प्लाय ठोकून-वाजवून निवडला.

सुनेने त्यांना शास्त्र समजावलं. स्पीकरचा कागदी पडदा मागेपुढे हलतो तेव्हा पेटीच्या आतली हवा ढकलतो. पुढच्या फळीत एक नळी बसवायची, चार इंच रुंदीची, लांबी गणित करून काढलेली. ती हवा त्याच नळीतून बाहेर आली पाहिजे. तसं झालं की सगळ्यात जाड तारेचा सूर भरून येतो, पोटात लागतो. "मापं आतली धरायची, बाबा. बाहेरून पेटी कशी दिसते ते सोडा. आत हवा किती मावते, त्यावर सगळं. त्यातूनही नळीची जागा वजा, आत आधाराला लावायच्या आडव्या दांड्याची वजा, लोहचुंबकाची वजा."

"म्हणजे लाकडाचं काम नाही हे," पट्टीवाले म्हणाले, "हवेचं काम आहे."

"हां! आणि नळी सोडून कुठूनही हवा जायला नको. सुईएवढीही फट नको."

हे तिने त्यांना निदान तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली.

ते आठवडे पट्टीवाल्यांच्या आयुष्यातले चांगले आठवडे होते, आणि तीच तर अडचण होती. ती दुकानातून आली की थेट शेडमध्ये यायची, बाह्या सरसावायची, शिकंजा आवळायला हात लावायची. कंपास नव्हता, म्हणून खिळा आणि सुतळी घेऊन दोघांनी मिळून पंधरा इंचांचं वर्तुळ आखलं. तेव्हा सुतळी निसटली आणि वर्तुळाचा बटाटा झाला. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिचं असं हसू या घराने तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. दोन वर्षं एकाच आजारी माणसाच्या दोन बाजूंना उभं राहून जे बोलणं झालं नव्हतं ते प्लायच्या भुशात झालं. तिने बँडमधल्या गमती सांगितल्या. त्यांनी कारखान्यात एकदा तीनशे दारांना बिजागऱ्या उलट्या बाजूला लागल्या होत्या तो किस्सा सांगितला, आणि त्यात स्वतःचा हात होता हेही पहिल्यांदाच कबूल केलं.

म्हणून मग पट्टीवाले वेळ काढू लागले. गोंद एका दिवसात वाळतो, ते म्हणत, "दोन दिवस तरी हात लावायचा नाही." नळी आणली ती रंगाने आवडली नाही म्हणून परत केली, आता नळी पेटीत जाणार, तिच्या रंगाचं कुणाला काय! कडांना पॉलिश पेपर एकदा मारला, दोनदा मारला, तिसऱ्यांदा मारायला घेतला तेव्हा त्यांची त्यांनाच शरम वाटली. मारला तरीही.

तिसरा आठवडा सरत आला. गुरुवारी ती शेडच्या तोंडाशी उभी राहिली. आत आली नाही.

"बाबा, या रविवारी वाजवून बघायलाच हवं. पुढच्या शनिवारी मला जायचंय."

"हो, हो. होईल की."

"मागची फळी तेवढी राहू द्या. ती आपण दोघं मिळून बसवू. सगळं तिच्यावर आहे."

ती रागावली नव्हती, पण तिच्या नजरेत काहीतरी होतं. आपली चालढकल तिला कळली आहे, असं पट्टीवाल्यांना वाटलं. ते त्यांना फार लागलं. शुक्रवारी ती कामाला गेल्यावर ते शेडमध्ये शिरले आणि एका सकाळीत त्यांनी पेटी बंद करून टाकली. आतलं माप घेतलं, फळी कापली, चार कोपऱ्यांत चार ठोकळे लावून त्यांवर ती स्क्रूने कसली, आणि भोवती बारीक लाकडी बीडिंग मारून सगळं झाकून टाकलं. काम देखणं झालं होतं. संध्याकाळी तिने बघितलं आणि म्हणाली, "अहो, एकट्यानेच उरकलंत?" पट्टीवाले म्हणाले, "म्हटलं, उशीर नको व्हायला."

रविवारी तिने स्पीकर पेटीत बसवला आणि आवाज वाढवणाऱ्या अँपमधून गिटार त्याला जोडलं. वरचे सूर चांगले आले, पट्टीवाल्यांच्या अंगावर काटा आला. मग तिने सगळ्यात जाड तार छेडली. पेटीतून सूर यायच्याऐवजी फस्स झालं. दमेकऱ्याच्या छातीतून यावा तसला आवाज. तिने पुन्हा छेडली. पुन्हा फस्स, आणि मागोमाग कसलीशी थरथर.

"मागची फळी घट्ट आहे ना, बाबा?"

"माझ्या हातची आहे," पट्टीवाले म्हणाले, आणि ते त्या क्षणी त्यांना अगदी खरं वाटत होतं.

तिने लगेच मान डोलावली. त्यांच्या हातच्या कामावर तिने कधी शंका घेतली नव्हती. "मग स्पीकरच गेलेला आहे. इतकी वर्षं पडून होता, पडदा कुठेतरी उसवला असणार." तिने आणखी चार-पाचदा तार छेडली. मग गिटार मांडीवर आडवं ठेवून स्टुलावर बसली. आणि मग म्हणाली, "बरं झालं. सुटले."

"म्हणजे?"

"मला जमलंच नसतं, बाबा. तीन वर्षांत धड सराव नाही. नवीन गाव, नवीन माणसं. बुधवारपर्यंत विचार करते आणि कळवून टाकते त्यांना, येत नाही म्हणून." आणि उगाच बोटं तारेवरून फिरवत राहिली.

पट्टीवाले तिचं समाधान करायचं म्हणून पेटीमागे गेले आणि फळीवर हात ठेवून उभे राहिले. ती जाड तार पुन्हा एकदा वाजली. बीडिंगच्या कडेने त्यांच्या मनगटाला वारा लागला.

त्यांना सगळं एकदम आठवलं. शुक्रवारी आतलं माप घेतलं, आणि सवयीने चारी बाजूंनी दोन-दोन एमएम वजा करून मग करवत चालवली. दाराला ठेवतात तशी फट ठेवली. आणि दाराची फट झाकतात तशी बीडिंगखाली झाकली. फुगायला जागा ठेवली होती एका पेटीला, जिच्यात सुईएवढी फट चालणार नव्हती.

आता बोलायला हवं होतं. "अगं, स्पीकर चांगला आहे, चूक माझी आहे," एवढं एक वाक्य. ते जिभेपर्यंत आलं होतं. पट्टीवाल्यांनी फळीवरचा हात काढला आणि म्हणाले, "जेवून घेऊ या."

ती संध्याकाळ बरी गेली. बुधवार लांब आहे, असं ते स्वतःला समजावत राहिले. सोमवारी ती कामावरून आली ती बोलत-बोलतच आली. स्वयंपाकघराला रंग द्यायला हवा म्हणाली. खिडकीला नवीन पडदे लावू म्हणाली. वर्षानुवर्षं राहणार असल्यासारखी बोलत होती. पट्टीवाल्यांना जे हवं होतं ते सगळं आयतं पदरात पडलं होतं, आणि त्यांच्या ताटात भाकरी तशीच उरत होती. आपण हे मुद्दाम केलं का, हा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घोंगावत होता. एक्केचाळीस वर्षांची सवय म्हणावी, तर तिने तीन-तीनदा बजावलं होतं. मुद्दाम म्हणावं, तर करवत चालवताना असं काही मनात आल्याचं आठवत नव्हतं. पण हाताला मनातलं कळत नसेल असं कुणी सांगितलं? मुलगा गेला त्या दिवशीही ते काही बोलले नव्हते. त्याच्या सुटकेसचं चाक निखळलं होतं, ते त्यांनी नीट बसवून दिलं होतं. इतकं नीट, की सुटकेस अंगणातून रस्त्यापर्यंत आवाज न करता गेली.

मंगळवारी सकाळी पट्टीवाले काहीतरी शोधायला तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि त्यांना कपाटावर गिटार दिसलं. पिशवीत घालून, चेन लावून, वर जुनी चादर टाकून अगदी मागे सरकवून ठेवलेलं. मढं झाकावं तसं. ते तसेच शेडमध्ये गेले, बीडिंग उपटून काढलं, आणि तिला हाक मारली.

ती हातात चहाचा कप घेऊन आली. त्यांनी खिशातली पट्टी काढली, फळीच्या कडेला फटीत घातली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरवली. कुठेही अडकली नाही.

"स्पीकर चांगला आहे," ते म्हणाले. "फट माझी आहे."

ती फटीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"रविवारी."

"रविवारी कधी?"

"तू 'सुटले' म्हणालीस, त्यानंतर लगेच."

कप तिने हळूच बाकावर ठेवला. "मी काल दुकानातून फोन केला, बाबा. बुधवारपर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं त्यांना, म्हटलं. नाही म्हणून सांगून टाकलं." तिचा आवाज चढला नव्हता. "त्यांनी दुसरा माणूस घेतलासुद्धा."

पट्टीवाल्यांनी पट्टी फटीतून काढून खिशात घातली.

"मुद्दाम केलंत?"

खोटं बोलायला ती उत्तम वेळ होती. "सवयीने झालं गं" म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "खरंच ठाऊक नाही. फट सवयीने राहिली असेल. गप्प बसलो ते मात्र मुद्दाम."

ती चहा न पिताच कामाला गेली.

पट्टीवाल्यांनी दिवसभर जेवणाचं नाव काढलं नाही. ठोकळे उखडून आत चारी बाजूंनी सलग रिपा लावल्या, गोंद सढळ हाताने घातला, फोमची पट्टी चिकटवली. नवी फळी इतकी तंतोतंत कापली की ती बसवायला लाकडी हातोडा घ्यावा लागला. दर चार इंचांवर एक स्क्रू. असं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. दार असतं तर पहिल्या ओल्या हवेत अडकून बसलं असतं.

संध्याकाळी ती आली, तोंड न धुता कपाटावरून गिटार काढलं आणि शेडमध्ये जाऊन जोडलं. बघितल्याशिवाय तिला राहवणार नव्हतं, राग असो की नसो. तिने ती जाड तार छेडली. जमिनीतून आवाज आला. खिडकीच्या काचा घुमल्या, बाकावरच्या डब्यातले खिळे नाचले, आणि पट्टीवाल्यांच्या छातीच्या फासळ्यांत कुणीतरी तळहात टेकवल्यासारखं झालं. ती वाजवत राहिली. पाऊण तास वाजवलं, एकदाही त्यांच्याकडे न बघता. मग अँप बंद केला.

"महिनाअखेर मी जाते."

"कुठे? तिथली जागा तर..."

"तिथे नाही तर दुसरीकडे. शोधेन. असा आवाज कुठल्या बँडला नको असेल?"

"काम हातात नसताना? रागावून जाऊ नकोस."

"राग आलाय. भरपूर आलाय," ती म्हणाली. "पण त्यासाठी नाही जात. रविवारी मी 'सुटले' म्हणाले ना, ते अगदी आतून आलं होतं. सोमवारी पडद्यांचं बोलताना मला माझीच भीती वाटली, बाबा. इथेच म्हातारी होईन आणि मला कळणारही नाही."

पट्टीवाल्यांनी भुसा झाडायला घेतलेला झाडू खाली ठेवला. सदुसष्ट वर्षांत जे कुणाला म्हणाले नव्हते, मुलाला नाही, बायकोला शेवटच्या दिवसांतही नाही, ते त्यांच्या तोंडून निघालं. "जाऊ नकोस. मला भीती वाटते गं."

तिचे डोळे भरून आले.

"हे तीन आठवड्यांपूर्वी म्हणाला असतात, तर मी राहिले असते," ती म्हणाली. "आणि मग जन्मभर मनातल्या मनात तुम्हाला बोल लावला असता. आता तसं नाही होणार."

दोघांनी मिळून वायरी गुंडाळल्या.

महिनाअखेरीला टेम्पो आला. पेटी भलतीच जड झाली होती, एका बाजूने पट्टीवाले, दुसऱ्या बाजूने ती, मध्ये दोनदा टेकवत त्यांनी ती रस्त्यापर्यंत आणली. ड्रायव्हरने दोर बांधला, तो पट्टीवाल्यांनी सोडून पुन्हा बांधला. ती खाली वाकून पाया पडली, पुढच्या सीटवर बसली आणि काच खाली केली. पट्टीवाल्यांना पुष्कळ सांगायचं होतं, आणि या वेळी ते सांगणारही होते. पण टेम्पो सुरू झाला तेव्हा तोंडातून एवढंच आलं,

"एकटीने उचलू नकोस."

"नाही उचलणार, बाबा," ती म्हणाली.

तिकडे दुसरी बाजू धरायला कुणी नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.